खाणीतली जोडी आणि मागावरची टोळी

माझी भाची कंपन्यांमध्ये नवी संगणकप्रणाली बसवून देण्याचे काम करते. म्हणजे यंत्रे बसवणारे वेगळे, ही मंडळी कर्मचाऱ्यांना ती वापरायला लावतात. दिवाळीत आली की तिचे एकच पालुपद: "मावशी, लोकांना बदल नकोच असतो गं. इतके चांगले साधन हातात देतो, तरी वहीत लिहीत बसतात."

आता "लोकांना बदल नको असतो" हे वाक्य मी शाळेत तीस-बत्तीस वर्षे इतिहास शिकवताना पाठ्यपुस्तकातही पुष्कळदा वाचले आहे. इंग्लंडातल्या औद्योगिक क्रांतीचा धडा आला की यंत्रे फोडणारे कामगार येतात, आणि मुलांना ते अडाणी वाटतात. मला हे वाक्य कधीच नीट पटले नाही. कारण त्यात सगळा दोष नव्या वस्तूला नकार देणाऱ्या माणसाचा, वस्तूचा काहीच नाही, आणि ती वस्तू ज्या पद्धतीने आणली त्या पद्धतीचा तर नाहीच नाही.

तर या विषयावर ज्या एका अभ्यासाने पुढच्या कितीतरी संशोधनाला वाट करून दिली, त्याबद्दल आज लिहायचे आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमातले, त्यामुळे तो इंग्रजी निबंध मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला. पण वाचला आणि मग त्याच्या मागेच लागले. गोष्ट कोळशाच्या खाणीतली आहे आणि तिथून ती, तुम्हाला आश्चर्य वाटेल, थेट अहमदाबादला येते.

एरिक ट्रिस्ट हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ. जन्म १९०९चा, डोव्हर या बंदराच्या गावी. केंब्रिजला आधी इंग्रजी साहित्य शिकले, मग मानसशास्त्राकडे वळले. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट नावाची संस्था निघाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक. या संस्थेने एक वेगळीच गोष्ट केली. प्रत्यक्ष उद्योगात काम केलेल्या काही जणांना शिष्यवृत्ती देऊन अभ्यासाला घेतले. त्यांतले एक होते केन बॅमफर्थ. हे गृहस्थ अठरा वर्षे कोळशाच्या भिंतीपाशी खणणारे खाणकामगार! अशा माणसाला शेजारी बसवून घेतले, त्याचे ऐकले आणि निबंधावर आपल्या नावाबरोबर त्याचेही नाव घातले, याचे मला फार अप्रूप वाटते. आपल्याकडे शिपायाला शाळेबद्दल जे ठाऊक असते ते मुख्याध्यापकांना नसते, पण अहवालावर सही मुख्याध्यापकांचीच असते. असो.

काळ लक्षात घ्या. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. खाणमालक गेले, राष्ट्रीय कोळसा मंडळ आले. युद्धाने खिळखिळा झालेला देश, कडाक्याची थंडी आणि सगळा उद्योग कोळशावर चालणारा. यंत्रे तर बसवलेली होती. कोळसा कापणारी यंत्रे होती, तो वाहून नेणारे पट्टे होते. आता मालकही सरकारच झाले, म्हणजे कामगारांची जुनी तक्रार संपली असे मानायला हरकत नव्हती. तरीही उत्पादन हवे तसे वाढेना, गैरहजेरी वाढत चाललेली, माणसे खाणी सोडून जात होती, आणि यंत्र आणले की काम वाढलेच पाहिजे या हिशेबात हे काही बसत नव्हते.

ट्रिस्ट आणि बॅमफर्थ यांनी आधी जुनी पद्धत समजून घेतली, आणि मला वाटते सगळी खुबी इथेच आहे. यंत्र येण्याआधी खाणीत दोघांची जोडी काम करी. एक कसबी खणणारा, दुसरा त्याचा जोडीदार, कधी मदतीला एखादा पोरगा. जोडीदार कोण, हे ज्याचे त्याने ठरवायचे. खाणीच्या व्यवस्थापनाशी करार जोडीचा. कोळसा फोडायचा, भरायचा, वरच्या छताला टेकू द्यायचे, सगळे हीच जोडी करणार. कामाचा वेगही त्यांचाच. काळोखात, डोक्यावर कधीही कोसळू शकेल अशा छताखाली, माणसाला आपल्या शेजारच्याचा श्वासही ओळखू येत असे. जोडीदार जखमी झाला किंवा दगावला तर दुसऱ्याने त्याच्या बायकापोरांकडे बघणे, हेही या नात्यात बसत होते.

मग आली लाँगवॉल पद्धत. नाव साधे आहे, लांब भिंत. पूर्वी छोट्या छोट्या जागी जोड्या खणत, आता सुमारे दोनशे यार्ड लांबीची कोळशाची एक सलग भिंत एकाच वेळी काढायची. यंत्राला आणि पट्ट्याला लांबच लांब जागा लागते म्हणून. चोवीस तासांत तीन पाळ्या. पहिल्या पाळीने भोके पाडायची आणि भिंतीला तळाशी यंत्राने काप द्यायचा. दुसऱ्या पाळीने पट्टा सोडवून पुढे सरकवायचा आणि वाटा रुंद करायच्या. तिसऱ्या पाळीने सुरुंगाने सुटा केलेला कोळसा पट्ट्यावर भरायचा. सगळी मिळून चाळीसेक माणसे, सात प्रकारची कामे, आणि प्रत्येकाला एकच काम. कापणारा कधी भरणार नाही, भरणारा कधी कापणार नाही. दर वेगळा, हिशेब वेगळा. तिन्ही पाळ्यांची माणसे एकमेकांना कधी भेटतच नाहीत, कारण एक वर आली की दुसरी खाली जाते.

कागदावर हे कारखान्यासारखे सुबक दिसते. पण खाण म्हणजे कारखाना नव्हे. छत कुठे कच्चे निघेल, कोळशात कुठे दगड लागेल, पाणी कुठे झिरपेल, सांगता येत नाही. पहिल्या पाळीचा काप थोडा वाकडा गेला की तिसऱ्या पाळीच्या भरणाऱ्याची पाठ मोडते. त्याच्या वाट्याला भिंतीचा एक तुकडा आखून दिलेला असतो. तो सोपा निघाला तर नशीब, अवघड निघाला तरी त्यानेच एकट्याने संपवायचा. शेजारी दहा यार्डांवर दुसरा माणूस आपला तुकडा संपवण्याच्या घाईत. तो मदतीला येणार कसा? आणि अंधारात पांगलेल्या माणसांवर देखरेख तरी कोण करणार? मुकादम धावतोय इकडून तिकडे, प्रत्येकाची तक्रार दुसऱ्या पाळीवर.

निबंधात या परिस्थितीत माणसे कशी वागू लागली ते फार बारकाईने लिहिले आहे. आपल्यापुरते बघणे. चांगला तुकडा मिळावा म्हणून वरच्याला खूश ठेवणे. झालेल्या प्रत्येक चुकीचे खापर समोर नसलेल्या पाळीवर फोडणे. आणि शेवटी, कामावर न जाणे. गैरहजेरीकडे त्यांनी आळस म्हणून पाहिलेच नाही. या पद्धतीत टिकून राहता यावे म्हणून माणूस स्वतःच स्वतःला देत असलेली ती भरपाई होती, असे त्यांचे म्हणणे. काहींनी आपापले छोटे गट करून एकमेकांना मदत करायचा प्रयत्न केला, पण त्यातही जे कोणालाच नको होते ते बाहेर राहिले. हा तपशील त्यांनी लपवला नाही, पुढे मला तो लागणार आहे.

हा निबंध १९५१ साली ‘ह्यूमन रिलेशन्स’ या नियतकालिकात आला. पण त्यामागे आणखी एक गोष्ट घडली होती. बॅमफर्थ आपल्या जुन्या खाणीत, दक्षिण यॉर्कशरमधल्या एल्सेकरला, सहज म्हणून गेले. तिथे हेगमूर नावाच्या थरात छत सांभाळण्याच्या सुधारलेल्या पद्धतीमुळे छोट्या भिंतीवर यंत्रांनी काम करणे शक्य झाले होते. आणि तिथल्या माणसांनी काय केले असेल? त्यांनी पाळ्यांची ती कामवाटणी मोडून टाकली. टोळी करून सगळे सगळी कामे करायला लागले, कोणी कधी काय करायचे ते आपसात ठरवू लागले. म्हणजे यंत्र नवे आणि रीत आज्या-पणज्याची! युनियन त्यात होती, खाणीचे व्यवस्थापकही होते. बॅमफर्थ हे पाहून धावत ट्रिस्टकडे आले आणि दोघे मिळून खाली उतरले.

तोपर्यंत सगळ्यांचे म्हणणे असे की यंत्र आले की त्याच्या मागोमाग अमुक एक पद्धत येणारच, तिला इलाज नाही. हेगमूरने दाखवले की तेच यंत्र दोन तऱ्हांनी वापरता येते. कामाची तांत्रिक बाजू आणि माणसांची बाजू या दोन्ही एकमेकींना धरून असतात, एक सुधारताना दुसरी मोडली तर दोन्ही बिघडतात. यालाच पुढे सामाजिक-तांत्रिक व्यवस्था असे जडशीळ नाव मिळाले. मंडळाच्या वरच्या अधिकाऱ्यांना मात्र हे फार पसरू नये असे वाटत होते. एका ठिकाणी माणसांनी स्वतःचे काम स्वतः आखले असे कळले की सगळीकडून तशीच मागणी येईल, ही भीती. चांगला निकाल लागला म्हणून घाबरलेली कचेरी मी आयुष्यात पाहिली आहे, त्यामुळे मला यात नवल वाटले नाही.

पुढे १९५०च्या दशकात ट्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डरहॅम भागातल्या खाणींत हीच गोष्ट मोजून पाहिली. एकाच थरात, सारख्याच यंत्रांवर, दोन तऱ्हेच्या टोळ्या. एकीकडे नेहमीची वाटणी. दुसरीकडे एकेचाळीस माणसांनी पाळ्या आणि कामे आपसात फिरती ठेवलेली, सगळ्यांचा मेहनताना एकाच कागदावर आणि समान वाट्याने. पहिल्या तऱ्हेत शक्य असलेल्या उत्पादनाच्या ७८ टक्के काम होत होते, दुसऱ्या तऱ्हेत ९५ टक्के. गैरहजेरी पहिलीत २० टक्के, दुसरीत ८.२. आणि मला जो आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटला तो अपघाताने बुडालेल्या पाळ्यांचा. पहिलीत ६.८ टक्के, दुसरीत ३.२. अर्ध्याहून कमी. खाणीत अपघात म्हणजे काय, ते सांगायला नको. हे सगळे १९६३ साली ‘ऑर्गनायझेशनल चॉइस’ या पुस्तकात आले.

आता अहमदाबाद.

टॅव्हिस्टॉकचेच ए. के. राइस १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिको मिलमध्ये सल्लागार म्हणून आले. मिल साराभाई कुटुंबाची, त्या वेळी प्रमुख गौतम साराभाई, म्हणजे विक्रम साराभाईंचे बंधू. याच घराण्यातल्या अनसूयाबेन साराभाई १९१८च्या संपात गांधीजींबरोबर कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या, आणि मालकांच्या बाजूला होते त्यांचेच भाऊ अंबालाल. अशा घरात नव्या कल्पनेला दार उघडे असणे साहजिकच.

कॅलिकोच्या जुबिली मिलमध्ये १९५२ साली नवे स्वयंचलित माग बसवले होते. अभियंत्यांनी प्रत्येक कामाचा वेळ मोजून, हिशेब करून माणसे नेमली. २२४ मागांवर २९ माणसे आणि त्यांची कामे बारा प्रकारची. विणणारा वेगळा, बाण्याच्या कांड्या भरणारा वेगळा, तुटलेला ताणा जोडणारा वेगळा, तेल घालणारा, झाडणारा, कापड उचलणारा, सगळे वेगळे. आणि प्रत्येकाकडे मागांची संख्याही वेगवेगळी. म्हणजे विणकराला जो तुटलेला ताणा जोडून हवा, तो जोडणारा त्याच वेळी दुसऱ्या तीन विणकरांचाही नोकर. कोणाचा कोणाशी कायमचा संबंध नाही. माग परदेशी बनावटीचे उत्तम, पण कापड कमी निघे आणि त्यात खराब माल फार.

राइस यांनी सुचवले ते सोपे होते. मागांचे संच पाडा आणि एकेका संचाला एकेक छोटी टोळी द्या, जिच्यात सगळी कामे येणारी माणसे असतील. राइस यांना कामगारांची भाषा येत नव्हती. बोलणे झाले ते बरेचसे व्यवस्थापक आणि पर्यवेक्षकांशी. पण कल्पना खाली पोचली मात्र, कामगारांनी ती ताबडतोब आपलीशी केली आणि टोळ्या स्वतःच पाडल्या. कोण कोणाबरोबर जाणार ते त्यांना आधीच ठाऊक असणार! हे १९५३ सालचे. काही महिन्यांत मागांची कार्यक्षमता ८० टक्क्यांवरून ९५वर गेली आणि खराब माल ३२ टक्क्यांवरून २० वर आला. यंत्रातला एक स्क्रूही बदललेला नव्हता.

नंतरच्या काही अभ्यासकांनी शंका काढली की त्याच वेळी मजुरीची पद्धतही बदलली होती, मग सगळे श्रेय टोळीला कसे द्यायचे? शंका रास्त आहे. पैसे वाढले की माणसाचा हात चालतो, हे माझ्या वडिलांनाही कोणी शिकवायची गरज नव्हती.

माझे वडील मुंबईत गिरणीत होते, साचेखात्यात. आमच्या घरी मागाला साचाच म्हणत. त्यांना कामाला लावले ते गावच्या जॉबरने, राहायला गाळ्यात गावचीच माणसे, आणि काम शिकवले ते चुलत्याने, त्याच्या साच्यावर शेजारी उभे करून. दोन साच्यांवर काम करताना, ते सांगत, शेजारच्याचा दोरा तुटला तर आपण चार पावले टाकून जोडत असू. चार साच्यांवर गेल्यावर शेजारी कोण आहे तेही बघायला होत नसे. साचे जास्त म्हणून कटकट नव्हती त्यांची. ती चार पावले गेली म्हणून होती. ट्रिस्ट यांचा निबंध वाचताना मला त्या चार पावलांचीच आठवण झाली.

आणि मुंबईचा इतिहास हेच सांगतो. १९२८च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दीडेक लाख गिरणी कामगार संपावर होते. त्याच्या मुळाशी मजुरी होतीच, पण मालकांनी आणलेली नवी कार्यक्षमतेची पद्धतही होती. एका विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळायचे, म्हणजे तिसऱ्या माणसाचे काय ते त्याचे त्याने बघायचे. कोणाला विचारले होते? याच संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तेव्हाही वर्तमानपत्रांत ‘कामगारांना सुधारणा नको’ असे म्हणणारे सज्जन असणारच.

पण टोळीचे फार गुणगान करण्याआधी जरा थांबावे लागते. याच गिरण्यांमध्ये साचेखात्यात अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या माणसांना काम मिळत नसे. कारण काय, तर धोट्यात कांडी घातल्यावर दोऱ्याचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे, आणि तो धोटा सगळ्यांच्या हातांतून आणि तोंडांतून जाई. साचेखात्यात मजुरी चांगली, म्हणून ही बंदी पोटावरच पाय होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. आता विचार करा, ज्या टोळीला आपली माणसे आपण निवडायचा हक्क आहे, ती टोळी कोणाला निवडणार नाही? खाणीतल्या निबंधात ते कोणालाच नको असलेले भरणारे आहेत ना, आपल्याकडे त्यांची आडनावे आधीच ठरलेली असत. स्वयंचलित मागांचा धोटा दोरा आपोआप ओवून घेतो, त्याला तोंड लावावे लागत नाही. म्हणजे इथे जुनी रीत मोडणारे यंत्रच बरे ठरायला हवे होते. पण यंत्राने सबब तेवढी जाते. राइस यांच्या प्रयोगाबद्दल लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न आणखी विचारायला हवा होता असे मला वाटते. लंडनहून आलेल्या माणसाला तो दिसणे अवघड, पण आपल्याकडच्यांना दिसायला हरकत नव्हती.

भाचीला मी हे सगळे फोनवर सांगितले. ती म्हणाली, "पण मावशी, आमच्याकडे काळोख नसतो, छत कोसळत नाही." मी विचारले, "वहीत लिहिणारी ती माणसे वही कोणाला दाखवतात?" जरा वेळाने म्हणाली, "शेजारच्या टेबलाला. नव्या प्रणालीत शेजारच्या टेबलाचे दिसतच नाही, सगळे वर जाते." एवढेच बोलणे झाले. तिने पुढे काय केले ते तिचे ती लिहील.

आमच्या एका शाळेतही निकालपत्रके संगणकावर करायचे ठरले तेव्हा असेच झाले होते. पूर्वी गुणपत्रके भरायला सगळे शिक्षक एका खोलीत बसत. हा मुलगा गणितात नापास का, घरी काय चालले आहे, असे बोलणे तिथेच व्हायचे. संगणक आल्यावर प्रत्येकाने आपापले गुण आपापल्या वेळी घालायचे ठरले आणि ते बसणे बंद झाले. काम लवकर होई, बेरजा चुकत नसत. त्या खोलीत होणारे बोलणे कोणाच्याच कामाच्या यादीत लिहिलेले नव्हते, त्यामुळे ते गेल्याचे कुठे नोंदले गेले नाही.

ट्रिस्ट पुढे अमेरिकेत आणि कॅनडात शिकवायला गेले, १९९३ साली वारले. राइस यांचे सहकारी एरिक मिलर १९७० साली पुन्हा अहमदाबादला गेले, प्रयोगाचे काय उरले आहे ते पाहायला. त्यांचा निबंध १९७५ साली आला. सतरा वर्षांत पुष्कळ काही बदलले होते. बाजार बदलला, कापडाचे प्रकार वाढले, वरचे अधिकारी बदलले. बऱ्याच ठिकाणी टोळ्या नावापुरत्या उरल्या होत्या, आणि पर्यवेक्षक पुन्हा एकेका माणसाच्या मागे उभा राहू लागला होता. टोळी मोडा असा हुकूम कोणी काढला नव्हता. बाहेरची ओढाताण वरच्यांनी टोळीपर्यंत पोचू दिली की ती आपोआपच विस्कटते. पण एका विभागात मात्र माणसे जवळपास तशीच काम करत होती, जशी सुरुवातीला ठरली होती, आणि कामही तितकेच चांगले निघत होते. सुरुवातीच्या उत्साहाला आता कोणी साक्षीदार उरला असेल-नसेल, तरी तिथे येणारा नवा माणूस टोळीतच शिकत होता.

कॅलिको मिल १९९०च्या दशकात बंद पडली. ब्रिटनमधली शेवटची खोल कोळशाची खाण, यॉर्कशरमधलीच केलिंग्ली, डिसेंबर २०१५मध्ये बंद झाली.